मोकाट शेळ्यांतून उत्पन्न: ऑस्ट्रेलियातल्या रानशेळ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर उस्मानाबादी शेळ्यांच्या मुलखातलं. दारात कायम पाच-सात शेळ्या, आणि अडीनडीला त्यातलीच एक बाजारात जायची. पुढे ऑस्ट्रेलियात आले. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागातल्या शेतकऱ्यांकडे जाणं-येणं सुरू झालं आणि तिथे हजारांनी फिरणाऱ्या, दावं न लागलेल्या शेळ्या पाहिल्या. तेव्हापासून गावाकडून आणि इथल्या मराठी ओळखीच्यांकडून तेच तेच प्रश्न येतात. त्यातला सगळ्यांत जास्त वेळा येणारा असा: "रानात फुकटच्या शेळ्या फिरतात आणि शेतकरी त्या धरून विकतात, हे खरं का?" धरून विकतात हे खरं आहे. "फुकटच्या" हा शब्द मात्र मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते खाली सविस्तर लिहिलं आहे.

या शेळ्या मुळात आल्या कुठून?

ऑस्ट्रेलियाच्या मातीत शेळी नव्हतीच. १७८८ मध्ये इंग्रजांचा पहिला ताफा सिडनीला लागला, त्याच्या जहाजांवर शेळ्या होत्या. दूध आणि मटण देणारं, कमी खाण्यात भागवणारं आणि जहाजावर मावणारं जनावर म्हणून. पुढे खाणकामगार, रेल्वेचे रूळ टाकणारे मजूर, आतल्या भागात वस्ती करणारे मेंढपाळ, सगळ्यांनी शेळ्या सोबत नेल्या. एकोणिसाव्या शतकात लोकरीसाठी अंगोरा आणि कश्मिरी जातीही आणल्या. खाण बंद पडली, वस्ती उठली, धंदा बसला की माणसं निघून जायची आणि शेळ्या मागे राहायच्या. आज रानात दिसतात त्या ह्या सोडून दिलेल्या शेळ्यांच्या पुढच्या पिढ्या.

सगळ्या देशभर आहेत का?

नाही. मुख्य पट्टा कोरड्या आणि निमकोरड्या चराऊ रानांचा: न्यू साउथ वेल्सचा पश्चिम भाग, क्वीन्सलंडचा नैर्ऋत्य भाग, साउथ ऑस्ट्रेलियातले डोंगर आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा काही भाग. कोबार, बर्क, विल्कॅनिया, ब्रोकन हिल ही नावं या धंद्यात सतत कानावर पडतात. ब्रोकन हिलला वर्षाला साधारण २५० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माण-आटपाडीकडच्या लोकांनासुद्धा हा आकडा ऐकून धस्स होईल.

या पट्ट्याचं आणि रानकुत्र्यांचं नातं लक्षात घ्या. तिथला डिंगो नावाचा रानकुत्रा शेळी शिल्लक ठेवत नाही. मेंढ्या वाचवण्यासाठी ५,६०० किलोमीटरच्या आसपास लांबीचं एक कुंपण देशाच्या आग्नेय भागाला घातलेलं आहे. कुंपणाच्या आत कुत्रे कमी, म्हणून मेंढ्या आहेत, आणि त्याच कारणाने शेळ्याही आहेत.

त्या इतक्या वाढतात कशा?

शेळी पाळणाऱ्याला हे सांगायला नको. पाच महिन्यांचा गाभण काळ, जुळी करडं नेहमीची, आणि पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी, वर्षाच्या आतच गाभण राहू शकते. खायला-प्यायला असेल आणि मारणारं कोणी नसेल, तर कळप दोन वर्षांच्या आत दुप्पट होऊ शकतो. दुष्काळात मेंढी खंगते त्या जागी शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून झाडाचा पाला ओरबाडते आणि तग धरते.

"मोकाट", "रानटी", "चराऊ रानातल्या": नक्की काय म्हणायचं?

शब्दांवरून तिथेही वाद आहेत. पूर्वी सरसकट "रानटी शेळी" म्हणत. हल्ली मांसाच्या व्यापारात "रेंजलँड गोट", म्हणजे चराऊ रानातली शेळी, हे नाव रुळलं आहे. सरकारी कागदांत "व्यवस्थापन नसलेली शेळी" असा शब्द आला आहे. या बदलाला अर्थ आहे. एकाच रानात एक कळप कुंपणात, टॅग लावलेला, निवडून ठेवलेला असतो, आणि टेकडीपलीकडे दुसरा कोणाच्याही हिशेबात नसलेला असतो. जनावर तेच. माणसाने त्याची जबाबदारी घेतली आहे की नाही, एवढाच फरक.

त्यांच्यावर मालकी कोणाची?

ढोबळमानाने सांगायचं तर ज्याच्या जमिनीवर बिनखुणेची शेळी आहे, तो ती धरू शकतो. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागातली बहुतेक जमीन सरकारकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर घेतलेली आहे आणि एकेका कुटुंबाकडे हजारो हेक्टर असतात. कानात टॅग असलेली शेळी मात्र टॅगवाल्याची, ती परत द्यावी लागते. आणि दुसऱ्याच्या रानात शिरून शेळ्या धरणं ही सरळ चोरी आहे. भाव चढले की अशा चोऱ्या वाढतात, ही तिथल्या लोकांची नेहमीची तक्रार.

हजारो हेक्टरांत पसरलेल्या शेळ्या पकडतात तरी कशा?

दोन मार्ग आहेत. एक हाकण्याचा, दुसरा पाण्याचा.

हाकणं म्हणजे मोटरसायकली, शिकवलेले कुत्रे, आणि वरून छोटं विमान किंवा हेलिकॉप्टर. वरचा माणूस कळप शोधतो, रेडिओवर सांगतो, खालचे लोक तिकडून वळवून जाळीच्या तात्पुरत्या वाड्याकडे आणतात. खर्चिक काम, धोक्याचंही. खडकाळ जागी मोटरसायकलवरून पडणं नेहमीचं. बरेच शेतकरी हे काम ठेक्याने देतात. ठेकेदार शेळीमागे पैसे घेतो नाहीतर विक्रीत ठरलेला वाटा.

पाण्याचा मार्ग मला जास्त आवडतो, कारण त्यात अक्कल आहे. या रानात नैसर्गिक पाणवठे विरळ. जनावरं पितात ती शेतकऱ्याने खोदलेल्या तळ्यांवर आणि पाइपने पाणी आणून भरलेल्या हौदांवर. उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत शेळीला पाण्यावर यावंच लागतं. मग हौदाभोवती कायमचा कोंडवाडा बांधायचा आणि आत शिरायला एक चढण ठेवायची. शेळी चढण चढते, टोकावरून आत उडी मारते, पाणी पिते. बाहेर जायला मात्र आतून तेवढ्या उंचीवर उडी पोचत नाही. काही ठिकाणी एकाच दिशेने उघडणारं फाटक असतं. एरवी हे फाटक उघडं असतं म्हणजे जनावरांना सवय राहते, पकडायच्या दिवसांतच बंद करतात.

पहिल्यांदा असा कोंडवाडा पाहिला तेव्हा पहाट होती. रात्रभरात कितीतरी शेळ्या आत आल्या होत्या: पांढऱ्या, काळ्या, तांबड्या, कबऱ्या, लांब वळलेल्या शिंगांचे बोकड कोपऱ्यात उभे. एक करडू चढणीच्या बाहेर राहिलं होतं आणि आतल्या आईला हाक मारत होतं. शेतकऱ्याने आधी फाटक उघडून आईला त्याच्याकडे बाहेर सोडलं आणि मगच ट्रकला फोन केला. पाण्यावरच्या कोंडवाड्याला एक बंधन असतंच: रोज जाऊन बघावं लागतं. आत खायला नसतं, गर्दी होते, आणि कांगारूंसारखी दुसरी जनावरंही अडकतात. फाटक लावून चार दिवस विसरणाऱ्याने हे काम करू नये.

पाऊस झाला की ही युक्ती निकामी होते. ठिकठिकाणी डबकी साचतात, हिरव्या पाल्यातूनच पाणी मिळतं, शेळी हौदाकडे फिरकत नाही. त्यामुळे पाण्यावरची आवक हवामानावर चालते.

पकडल्यावर लगेच कत्तलखान्यात जातात का?

काही थेट जातात. काही आधी डेपोत जातात, म्हणजे व्यापाऱ्याच्या वाड्यात, जिथे वेगवेगळ्या शेतांवरचा माल एकत्र करून ट्रक भरतात. कत्तलखान्यांना साधारण २४ किलोच्या वरचं उभं वजन, म्हणजे जिवंत जनावराचं वजन, हवं असतं. त्याहून हलक्या शेळ्या काही शेतकरी परत सोडतात, काही कुंपणात ठेवून वाढवतात.

माणसाचा हात न लागलेली शेळी वाड्यात आली की बिथरते. कधी न पाहिलेला गवताचा गठ्ठा समोर टाकला तरी पहिले काही दिवस तोंड लावत नाही. ताण, गर्दी, उपास आणि घाण पाणी एकत्र आलं की साल्मोनेलाची हगवण लागते आणि तगडे बोकडसुद्धा पटापट मरतात. म्हणून अनुभवी माणसं बोकड वेगळे काढतात, गर्दी कमी ठेवतात, सावली देतात आणि जनावर शक्य तितकं लवकर पुढे पाठवतात.

पैसे किती मिळतात? खरा आकडा सांगा.

भाव सोललेल्या धडाच्या किलोवर ठरतो. शेळीच्या उभ्या वजनाच्या ४० ते ४५ टक्के धड निघतं असं धरा. ३५ किलोच्या शेळीचं साधारण १५ किलो.

२०२१ च्या आसपास हा भाव किलोला नऊ ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात होता. म्हणजे एका शेळीचे १३५ डॉलर. २०२३ च्या उत्तरार्धात तोच भाव दोन डॉलरच्या आसपास आला. तीच शेळी, तेच वजन, हातात ३० डॉलर. पाचशे शेळ्यांचा माल धरला तर एकीकडे ६७,५०० डॉलर आणि दुसरीकडे १५,०००. हेलिकॉप्टरचा ताशी दर, डिझेल आणि शेकडो किलोमीटरचं ट्रकभाडं मात्र भावाबरोबर खाली येत नाही. दोन डॉलरच्या भावात लांबच्या कोपऱ्यातल्या शेळ्या हाकायला कोणी जात नाही, कारण गेलं तर खिशातून भरावं लागतं.

चांगल्या वर्षांत या शेळ्यांनी अनेक घरं तारली, हे खरं आहे. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियाची लोकरीची हमीभाव योजना कोसळली. मेरिनो मेंढीवर उभ्या असलेल्या या पट्ट्याचं कंबरडं मोडलं. हमीभाव गेल्यावर काय होतं ते आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. त्यानंतरच्या काळात, आणि पुढे पडलेल्या लांब दुष्काळांत, मेंढ्या विकून संपल्या तरी रानातल्या शेळ्या शिल्लक होत्या. बँकेचा हप्ता, मुलांच्या वसतिगृहाची फी, पाण्याच्या पाइपांची दुरुस्ती त्यातून झाली. एका शेतकरीणबाईंनी मला सांगितलं होतं, की ज्या शेळ्यांना सासरे बंदुकीने मारत होते त्याच शेळ्यांनी दुष्काळात घर चालवलं. माझ्या आईचा शेळीबद्दलचा हिशेब याहून वेगळा नव्हता.

हे मटण खातं कोण?

ऑस्ट्रेलियात फारच थोडं खपतं. मांसाचा बहुतेक भाग निर्यात होतो, आणि सर्वांत मोठा गिऱ्हाईक अमेरिका. तिथले कॅरिबियन, लॅटिन अमेरिकन, आफ्रिकी आणि आपले दक्षिण आशियाई लोक बकऱ्याचं मटण मागतात आणि अमेरिकेतलं उत्पादन त्यांना पुरत नाही. न्यू जर्सीतल्या किंवा टेक्ससमधल्या कोणा मराठी घरात गोठवलेलं, हाडासकट तुकडे केलेलं मटण शिजत असेल, तर ते बहुधा याच रानांतलं. दक्षिण कोरिया, तैवान, कॅनडा, त्रिनिदाद हेही नेहमीचे खरेदीदार. मलेशियाला जिवंत शेळ्याही विमानाने जातात.

जगातल्या एकूण शेळ्यांत ऑस्ट्रेलियाचा वाटा नगण्य. भारत, चीन, पाकिस्तान यांच्याकडे कितीतरी पट जास्त शेळ्या. पण आपण जे पिकवतो ते आपणच खातो. ऑस्ट्रेलिया जवळपास सगळं बाहेर पाठवतो, म्हणून निर्यातीत तो पहिल्या क्रमांकावर बसतो. २०२४ मध्ये ही निर्यात पन्नास हजार टनांच्या वर गेली, तोवरची सर्वाधिक. आणि यातलं सुमारे नव्वद टक्के मांस रानातल्या शेळ्यांचं असल्याचं सांगितलं जातं.

भाव इतका वर-खाली का होतो?

गिऱ्हाईक मोजके, आणि त्यातही एकावर जास्त भिस्त. अमेरिकेतली मागणी जरा थंडावली की धक्का थेट विल्कॅनियाच्या रानापर्यंत पोचतो. दुसरं, शेळी मारणारे कत्तलखाने थोडे. त्यांतले बरेच मेंढी-कोकरूही मारतात. कोकरांची आवक वाढली आणि कामगार कमी पडले की शेळीला आठवडेच्या आठवडे तारीख मिळत नाही. २०२३ मध्ये मेंढीचेही भाव पडले होते, माल तुंबला होता, आणि त्याआधीची दोन-तीन वर्षं पाऊस चांगला झाल्याने रानात शेळ्याही वाढल्या होत्या. सगळं एकदम अंगावर आलं.

मग या शेळ्या "फुकट" म्हणायला काय हरकत आहे? पाळायचा खर्च तर शून्य!

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि उत्तर देताना माझा आवाज चढतो.

शेळी खाते ते गवत आणि पाला कोणाचा तरी असतो. तिथल्या चराईच्या हिशेबात एक शेळी म्हणजे जवळजवळ एक मेंढी. शेतकरी म्हणतो, माझ्या रानात दोन हजार मेंढ्या आहेत. टेकड्यांत अडीच हजार शेळ्या आहेत, शिवाय कांगारू, शिवाय ससे. प्रत्यक्षात त्या रानावर चार-पाच हजार तोंडं चरत असतात आणि शेतकऱ्याच्या वहीत दोन हजारच लिहिलेली असतात. मेंढ्या विकून रानाला विसावा देता येतो. मोकाट शेळीला विसावा सांगता येत नाही. पाऊस पडून कोवळा फुटवा आला की तीच आधी पोचते.

आणि शेळीची भूक वेगळी. गवत संपलं की ती झुडपांवर जाते, झुडूप संपलं की साल सोलते, रोपटी मुळासकट उपटते. मल्गा नावाचं झाड त्या रानाचा कणा आहे. आपल्या बाभळीच्या गोतातलं, दुष्काळात तोडून मेंढ्यांना घालतात ते. जुन्या झाडांना शेळी मारू शकत नाही, पण खाली एकही रोप वाढू देत नाही. वीस-तीस वर्षांनी जुनी झाडं वठतात आणि त्यांच्या जागी काहीच नसतं. उघडी पडलेली माती वाऱ्याने उडते. खुरांनी मोडलेला वरचा थर एका जोराच्या पावसात वाहून जातो. त्या मुलखात एक इंच माती तयार व्हायला किती पिढ्या लागतात याचा विचार केला की १३५ डॉलरचा आकडा लहान वाटायला लागतो.

डोंगरांत पिवळ्या पायांची खडक-वॉलबी नावाचं कांगारूच्या कुळातलं देखणं जनावर राहतं. त्याच गुहा, तीच सावली, तोच पाला शेळीला हवा असतो. म्हणूनच देशाच्या पर्यावरण कायद्याखाली, मोकाट शेळ्यांमुळे होणारी स्पर्धा आणि जमिनीची धूप हे वन्यजीवांवरचं एक प्रमुख संकट म्हणून नोंदलेलं आहे.

म्हणून म्हणते, फुकट नाही. किंमत रान भरतं, आणि ती विक्रीच्या पावतीवर दिसत नाही.

पण शेळ्या पकडून विकल्या की कमीच होणार ना? म्हणजे रानाचं भलंच!

काही शेतांवर होतं, जिथे शेतकरी दरवर्षी, भाव असो-नसो, ठरवून पकडतो. पण एकूण चित्र असं नाही. भाव चांगला तेव्हा सगळे पकडतात, भाव पडला की थांबतात, आणि थांबलेल्या वर्षांत कळप पुन्हा भरून येतो. त्यात माद्या आणि करडं परत सोडली तर पुढच्या हंगामाचं बी राखून ठेवल्यासारखंच झालं. शिवाय जे हाताला लागत नाहीत ते उरतात: खडकांतले हुशार बोकड, कोंडवाडा ओळखून टाळणाऱ्या शेळ्या. जनावर उपद्रवी म्हणायचं आणि त्याच्यावर पोटही भरायचं, हा पेच प्रत्येक घरात आहे. तो लबाडीतून आलेला नाही. पुढच्या महिन्याचा हप्ता आणि पुढच्या पिढीचं रान एकाच माणसाला एकाच वेळी सांभाळायचं आहे, त्यातून आला आहे.

सरकार हेलिकॉप्टरने मारून टाकत नाही का?

राष्ट्रीय उद्यानांत आणि दुर्गम डोंगरांत मारतात. एक रीत अशी, की एका शेळीच्या गळ्यात रेडिओ पट्टा घालून तिला सोडायचं. शेळीला एकटं राहवत नाही, ती कळप शोधून काढते आणि मागोमाग माणसं पोचतात. गालापागोस बेटांवर याच रीतीचा मोठा वापर झाला. तिथल्या सान्तियागो बेटावरून सुमारे ७९ हजार शेळ्या काढल्या. पण ते बेट होतं, समुद्रापलीकडून नवी शेळी येणार नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या रानाला असा काठ नाही. आणि मेलेल्या शेळ्या रानात कुजत पडलेल्या पाहणं शेतकऱ्याला सोसत नाही, विशेषतः ज्या वर्षी त्यांचे पैसे होऊ शकले असते त्या वर्षी.

कुंपण घालून त्याच शेळ्या पाळल्या तर?

हाच मार्ग मला योग्य वाटतो आणि गेल्या काही वर्षांत बरेच लोक त्यावर आले आहेत. रानाभोवती उंच विणलेल्या जाळीचं कुंपण, खाली जमिनीलगत जाळीचा पदर. क्वीन्सलंडच्या नैर्ऋत्य भागात शेजारचे शेतकरी मिळून अनेक शेतांभोवती एकच कुंपण घालतात, म्हणजे रानकुत्रे बाहेर राहतात. किलोमीटरला काही हजार डॉलर खर्च येतो आणि एका शेताची हद्दच कित्येक किलोमीटरची, तेव्हा रक्कम छोटी नसते.

पण कुंपण झालं की सगळं बदलतं. किती शेळ्या आहेत ते कळतं. बोकड निवडता येतो, खच्ची करता येतं, वजन होईपर्यंत थांबता येतं. भाव पडला तर विक्री लांबवता येते, आणि गवत संपत आलं तर कमी भावातही वेळेवर विकून रान वाचवता येतं. मुख्य म्हणजे रानाचा एखादा तुकडा खरोखर रिकामा ठेवता येतो.

बोअर बोकड सोडून जात सुधारतात, असं ऐकलं?

हो. दक्षिण आफ्रिकेची बोअर जात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ऑस्ट्रेलियात पसरली. रानशेळी काटक, करडं सांभाळणारी. बोअरचं अंग मांसल. संकर लवकर वजन धरतो. मात्र मोकळ्या रानात महागाचा बोअर बोकड सोडणं म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणं. चपळ रानबोकडांपुढे त्याचा निभाव लागत नाही आणि लांबच्या पाण्यापर्यंतची चाल त्याला झेपत नाही. आधी कुंपण, आधी रानबोकड बाहेर, मग बोअर.

लोकरीसाठी उपयोग होत नाही का?

झाला होता. १९७० च्या दशकात रानशेळ्यांच्या राठ केसांखाली बारीक कश्मिरी लव आढळली आणि त्यातून ऑस्ट्रेलियन कश्मिरी शेळीचे कळप निवडून काढले गेले. काही वर्षं उत्साह होता. बाजाराने साथ दिली नाही. आज तो धंदा लहान आहे.

टॅग, कागदपत्रं वगैरे?

राज्यागणिक नियम वेगळे, त्यामुळे त्या त्या राज्याच्या कृषी खात्याकडे विचारावं. ढोबळ रचना अशी: १ जानेवारी २०२५ नंतर जन्मलेल्या पाळीव शेळी-मेंढीला इलेक्ट्रॉनिक टॅग लागतो. रानातून धरून कत्तलीला जाणाऱ्या शेळीला काही अटींवर टॅगमधून सूट आहे. पण माल कुठून निघाला, कुठे चालला, औषध दिलं का, याचं विक्रेत्याचं घोषणापत्र प्रत्येक ट्रकबरोबर लागतंच.

काम करणाऱ्याला काही धोका?

शिंगं आणि मोटरसायकल सोडली तर सर्वांत मोठा क्यू फीवर. शेळ्या-मेंढ्या-गुरांपासून, विशेषतः विण्याच्या वेळच्या वारेतून आणि धुळीतून माणसाला होतो. काहींना त्यानंतर कित्येक महिने थकवा जात नाही. ऑस्ट्रेलियात त्यावर लस आहे. कत्तलखान्यात किंवा शेतावर कामाला जाणाऱ्या मराठी मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी डॉक्टरकडे जा, तपासणी करून लस घ्या, ती अंगात भिनायला द्या, मग वाड्यात पाय ठेवा.

शेळ्या रानाची नासधूसच करतात का? काही चांगलंही?

चांगलंही करतात. आणि यात आपला धागा आहे. आपली बाभूळ सावली आणि चारा देते म्हणून क्वीन्सलंडमध्ये नेऊन लावली गेली. तिथे ती गवताळ मैदानांवर अशी माजली की आता देशातल्या सर्वांत त्रासदायक तणांत तिची गणना होते. मेंढ्या-गुरं तिच्या शेंगा खातात आणि बी पसरवतात. शेळी मात्र पाला, कोवळे शेंडे, साल सगळं खाते आणि रोपांना दाबून ठेवते. कुंपणातल्या, मोजून सोडलेल्या शेळ्यांनी बाभळीच्या रानात चांगलं काम केलं आहे. मोकाट शेळीला कुठे थांबायचं ते सांगता येत नाही, हाच फरक.

महाराष्ट्रात असं काही करता येईल का?

असं नाही. आपल्याकडे मोकाट कळप नाहीत, प्रत्येक शेळीला मालक आहे, आणि बहुतेक वेळा तो मालक भूमिहीन किंवा अल्पभूधारक आहे, बऱ्याचदा बाई. आपली उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ ही घराजवळची जनावरं. बोअर जात मात्र आपल्याकडेही आली आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ती भारतात आणली आणि तिच्या संकराचे बोकड आज राज्यात ठिकठिकाणी दिसतात.

शिकण्यासारखं मला एकच ठळक दिसतं, ते वजन. तिथे हिशेब काट्यावर होतो. आपल्या बऱ्याच आठवडी बाजारांत अजून नगावर, नजरेने, पाठीवर हात फिरवून भाव ठरतो आणि अंदाज नेहमी व्यापाऱ्याच्या बाजूने झुकतो. घरी एक साधा लटकता काटा ठेवा, बाजाराला निघायच्या आधी बोकड तोला आणि आकडा लक्षात ठेवा. व्यापाऱ्याशी बोलताना पायाखाली जमीन असते.

दुसरं गायरानाचं. तिथल्या चुका मी पाहिल्या, आणि आपल्या गावच्या गायरानात किती तोंडं चरतात याची वही आपणही ठेवत नाही.

पुढच्या वर्षी तिकडे जायचा विचार आहे. एखाद्या शेतावर गेले तर आधी काय बघू?

झाडांकडे बघा. मल्गाचा पाला जमिनीपासून माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत कापल्यासारखा सरळ रेषेत संपलेला असेल, तर शेळ्या दोन पायांवर उभ्या राहून पोचतात ती ही रेषा. मग खाली बसा आणि झाडाच्या सावलीत गुडघ्याएवढी रोपं आहेत का ते शोधा. असतील तर त्या घरात कोणीतरी मोजून शेळ्या ठेवतं आहे. त्यांच्याकडे चहा घ्या, प्रश्न विचारा, ते आनंदाने सांगतील. रोपं नसतील तर विचारा, मागच्या वर्षी किती शेळ्या गेल्या आणि यंदा किती जाणार. कोंडवाडा त्यानंतर बघा.